मागच्या चाकांचा हिवाळा

पौषात पाऊस पडावा असं कुणालाच वाटत नाही, तरी चार-पाच वर्षांतून एकदा तो येतोच. आज पहाटे आला. फार नाही. पत्र्यावर कुणी मूठभर हरभरे फेकावेत तेवढा वाजला आणि गेला. सकाळी दार उघडलं तर अंगण काळं झालेलं, रानाकडून हरभऱ्याच्या आंबेचा, त्या आंबट दवाचा, वास येत होता, आणि ओट्यावर रेखा आणि जावईबापू दोन कागद पुढ्यात घेऊन भांडत होते.

रेखा माझी लेक. जावई जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत आहेत. हिवाळाभर त्यांना गावोगावच्या रानात जाऊन कंपनीचे प्लॉट पाहावे लागतात, आणि आमच्याकडचं रान म्हणजे काळं. कोरडं असलं तर पाय जाईल एवढ्या भेगा, ओलं झालं की लोणी. मोटारसायकलवरून ते दोनदा पडले, म्हणून आता गाडी घ्यायची आहे. दोन्ही कागदांवर गाडी तीच आहे, रंगही तोच. फरक एवढाच की एकीची मागची दोनच चाकं जोर लावतात, आणि दुसरीची, बटण फिरवलं की, चारीच्या चारी. चारी चाकांची त्यांच्या एका मित्राकडं आहे. ती दोन दिवस चालवून पाहायला म्हणून मागून आणली आहे आणि अंगणात लिंबाखाली उभी आहे. तिच्यावर लिंबाची पानं गळून चिकटली आहेत.

"आई, तू सांग गं," रेखा म्हणाली. "कोणती घ्यावी?"

ती सहज बोलली. माझ्या हातात चहाची किटली होती, ती तशीच राहिली. बाजेवर बसलेल्या ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली स्वतःच्या चपलेकडं पाहायला लागले.

हाच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता. अशाच पौषात, ह्याच ओट्यावर. तेव्हा आमच्या घरात दोन जीपा होत्या, त्यांतली एक जाणार होती, आणि कोणती जायची ते माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. तो शब्द मी बोलले नाही.

"जेवण झाल्यावर सांगते," मी रेखाला म्हणाले आणि आत आले.

*

रेखा दुसरीत होती ते साल. ह्यांची काळी-पिवळी होती, भाड्याची जीप. गाव ते जाफराबाद, जाफराबाद ते गाव, शिटा भरल्या की निघायची. शिटा भरल्या म्हणजे मागं आठ, मधे पाच, पुढं चार, आणि मागच्या दाराच्या फळक्यावर लटकलेले वेगळे. तिच्या मागच्या फळक्याला एकदा धडक बसली होती. तो ठोकून घेतल्यावर पिवळा रंग पुरला नाही, म्हणून ह्यांनी घराच्या दाराला आणलेला उरलेला निळा रंग मारला. त्या निळ्या ठिगळामुळं ती जीप दोन कोसांवरून ओळखू यायची.

दुसरी हिरवी. माझ्या दिरानं, किसन भावजींनी, ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. तिच्यात गेरच्या दांडीशेजारी आणखी दोन बारक्या दांड्या होत्या. एक ओढली की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा. भावजी ती दांडी ओढताना असा चेहरा करायचे, जणू बंदुकीचा घोडाच ओढतात.

दोघा भावांचं त्यावरून रोज चालायचं. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन्ही जीपा समोरासमोर उभ्या, दोघं भाऊ त्यांच्या अंगावरचं दव पुशीत आहेत, आणि तोंडं सुरू.

"दादा, तुझी गाडी म्हंजी अर्धीच गाडी हाय. दोन चाकं काम करतेत, दोन नुसती फिरायला आलेली."

"पुढची दोन वाट दावतेत, मागची दोन ढकलतेत. ज्याचं काम त्यानं करावं. तुझ्या गाडीत चौघंबी ओढून राह्यले, मंग वाट कोण पाहतंय?"

"वाट पाहायची गरजच न्हाई. जिकडं नेईन तिकडं जाती."

"मंग परवा वावरात कशी बसली होती?"

ही परवाची गोष्ट गावभर झाली होती. ओढ्यापलीकडच्या वावरात पाणी भरलं होतं. भावजींनी दांडी ओढली आणि चारी चाकांच्या भरवशावर थेट मधोमध गेले. तिथं हिरवी पोटावर बसली. ह्यांची जीप असती तर बांधालाच रुतली असती, चार माणसांनी ढकलून काढली असती. हिरवी इतक्या आत गेली होती की बैलजोडी न्यावी लागली. जू बांधून बैलांनी ती ओढून आणली, तेव्हा हे बांधावर उभे राहून म्हणाले, "बघा रे, चार चाकाच्या गाडीला आठ पाय लागले!"

भावजीसुद्धा हसले. आमच्या घरात हीच चांगली गोष्ट होती. भांडण मोठ्यानं व्हायचं, आणि त्याच तोंडानं हसायचं.

हसत नव्हते ते मामा, म्हणजे माझे सासरे. त्यांना गाडीचा आवाज आवडायचा नाही. गाडी ही त्यांच्या मते बैलासारखी कामाची असावी, आणि बैल तरी पेंड खाऊन गप उभा राहतो. एक दिवस भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "घरात दोन गाड्या म्हंजी दोन तोंडं. आज हसून राह्यले, उद्या चुली दोन करचाल. संकरातीपर्यंत पाहतो. जी बराबर चालंल ती राहील, दुसरी जाईल. मंग दोघं भाऊ एकीवर काम करा."

चुलीपाशी मी भाकरी थापत होते. हात थांबला नाही, पण भाकरी एका बाजूला पातळ झाली.

*

हिवाळ्याच्या सकाळी काळी-पिवळी लवकर चालू व्हायची नाही. म्हणून हे तिला संध्याकाळीच उतारावर लावून ठेवायचे, चाकाला दगड. सकाळी मी चुलीवर पाणी तापवून नेऊन द्यायचे. ते रेडिएटरमध्ये ओतलं की वाफ यायची, तिला गंजाचा आणि गरम लोखंडाचा वास. मग हे तंबाखूची चिमूट ओली करून काचेवर चोळायचे. त्यानं काचेवर धुकं धरत नाही म्हणतात. मग दगड काढायचा, गाडी उतारावर घरंगळायची, आणि ओढ्याच्या वळणापर्यंत जाता जाता एकदम खोकून जागी व्हायची. लहान लेकरू झोपेतून उठल्यासारखी कुरकुर करत.

मला हे सगळं आवडायचं. पण ते सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले, लग्न झालं, घरात आले. मामांसमोर डोक्यावरचा पदर खाली आला नाही आणि आवाज वर गेला नाही. बोलले तर भांड्यांशी बोलायचे.

जाफराबादचा बाजार असला की हे मामांना म्हणायचे, "तिला घेऊन जातो. ओढ्याच्या चढाला मागं वजन लागतं." मामा मान हलवायचे. गाडीच्या कामाची गोष्ट असल्यावर त्यांचं काही म्हणणं नसायचं.

ते खोटं नव्हतं. काळी-पिवळीचा सगळा जोर मागच्या चाकांत होता. मागं माणसं बसली तर चाकं जमीन धरायची, रिकामी असली तर जागच्या जागी फिरून गारा, म्हणजे चिखल, उडवायची. ओल्या चढावर इतर गाड्यांचे डायव्हर माणसं उतरवायचे, हे उलट ओरडायचे, "उतरू नका! कोणी उतरू नका! फळक्यापाशी सरका!" आणि नवीन माणूस असला की घाबरून पाहायचा, ह्याचं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून.

पण माझं वजन तरी किती! तेव्हा मी काडीसारखी होते. माझ्यानं चाकाला काय फरक पडणार? तरी प्रत्येक बाजाराच्या दिवशी हे आरशातून मागं पाहायचे आणि म्हणायचे, "बसली का बराबर? मंग चढतीच आता." सगळ्या जीपभर लोक असायचे, कुणालाच कळायचं नाही हे कुणाला बोलले. मी फळक्यापाशी, बाहेर तोंड करून बसलेली असायचे. मागं पळणाऱ्या रस्त्यावर धूळ, धुळीत ऊन, दोन्ही बाजूला कापसाची पांढरी झालेली रानं. मला असं वाटायचं की गाडी मीच ढकलते आहे.

*

एका सकाळी पाणी ओतून झालं, गाडी चालू झाली, आणि हे म्हणाले, "बस. इंजन गरम करून आणू."

गावाच्या मागं गायरान आहे. तिथं आल्यावर ते उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडं."

"कुठं?"

"स्टेरिंगपाशी."

"आगं बया. कुणी पाह्यलं तर?"

"कोण पाहतंय? टिटव्या?"

गवतावर दव इतकं होतं की सगळं गायरान पांढरं दिसत होतं. टिटव्या दोन-दोन पावलं पळत होत्या आणि थांबत होत्या. मी सरकले. पाय पुरत नव्हते, म्हणून ह्यांनी पाठीमागं रिकाम्या पोत्याची गुंडाळी ठेवली. क्लच सोडला तर गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा चालली.

"आता जरा जोरानं वळव," हे म्हणाले.

वळवली. आणि गाडीचं बूड माझ्या हातातून निघून गेलं. पुढचं तोंड एकीकडं आणि मागचं अंग दवावरून दुसरीकडं पळालं. माझा पाय ब्रेककडं गेला.

"ब्रेक नको! बूड जिकडं पळून राह्यलं तिकडंच स्टेरिंग फिरव! तिकडंच!"

माणसाचं मन उलटं सांगतं. ज्या बाजूला पडतो आहोत त्या बाजूला कोण वळेल? पण मी फिरवलं, आणि गाडी शहाण्यासारखी सरळ झाली. जिवात जीव आला तसं मला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून हसतात तसं नाही. तोंड उघडून, मोठ्यानं. मलाच तो आवाज अनोळखी वाटला. सगळ्या टिटव्या एकदम ओरडत उडाल्या.

हे माझ्याकडं पाहतच राहिले. मग म्हणाले, "आजून एकदा."

अशा पाच-सहा सकाळी झाल्या. कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर मी चुलीपाशी आणि ते शिटा भरायला. फक्त बोटांना स्टेरिंगच्या थंड रबराचा वास राहायचा, तो मी दिवसभर अधूनमधून घेत असे.

*

हिरवीबद्दल मी वाईट बोलणार नाही. ती खरंच चांगली होती. भावजींनी एकदा मला तिच्यात बसवून मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या दिला. "वहिनी, सांडलं तर माझं नाव बदला." ओढ्याच्या गाऱ्यातून नेली, चढावर नेली. चार थेंब सांडले असतील. ती घसरत नव्हती, बूड हलवत नव्हती. मांजरासारखी चारी पाय रोवून चालायची. तिच्यात बसलं की कुठं चाललो ते आठवायचं नाही, फक्त पोचलो एवढंच कळायचं.

आणि तिचे माझ्यावर उपकार होते. त्याच हिवाळ्यात रेखा तापानं फणफणली. आदल्या दिवशी पाऊस होऊन ओढ्याचा गारा गुडघाभर झालेला, सकाळची वेळ, गावात ढकलायला माणूस नाही, सगळे कापूस वेचणीला गेलेले. हे काळी-पिवळी काढायला लागले, तर भावजींनी त्यांच्या हातातून लेकरू घेतलं. "दादा, आता जिद्द नको." दांडी ओढली आणि एका दमात पलीकडं. मी रेखाला उराशी धरून बसले होते. हे ओढ्याच्या अलीकडं उभे होते, त्यांच्या पायांवर आमच्या चाकांनी उडवलेला गारा. जाफराबादच्या डॉक्टरनं सुई दिली, दुपारी ताप उतरला.

त्या दिवशी मी मनात म्हणाले, हिरवीच राहू दे. लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवताना वाटलं, काळी-पिवळी गेली तर मला ओढ्यापलीकडं कोण नेणार? हिरवीला तर कुणाच्याच वजनाची गरज नव्हती.

*

संक्रांत चार दिवसांवर आली आणि पुन्हा पाऊस झाला. ओढ्यापलीकडच्या वावरात वेचलेल्या कापसाची गाठोडी होती. ती आणायची होती. मामा ओढ्याकाठच्या दगडावर घोंगडी पांघरून बसले. परीक्षा आज आहे हे सगळ्यांनाच कळलं होतं.

हिरवी रिकामी गेली, गाठोडी घेऊन आली. एकदाही अडखळली नाही. भावजींनी मामांसमोर गाडी थांबवली आणि खाली न उतरताच मिशीवरून हात फिरवला.

मग काळी-पिवळी. जाताना उताराला गेली. येताना चार गाठोडी घेऊन चढाला लागली. पण कापूस तो कापूस, दिसायला डोंगर आणि वजनाला काही नाही. मागची चाकं जागीच फिरायला लागली. चाकांत आणि मडगार्डात काळा गारा असा गच्च भरला की चाकं आणि गाडी एकच झाली. मी खुरपं घेऊन धावले. गाऱ्याचे लोंदे काढून टाकायचं काम माझंच असे. वेचणीच्या बायांनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणून चाकांखाली घातल्या. गाडी दोन हात वर आली आणि पुन्हा खाली घसरली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. ह्यांच्या मानेवर थंडीत घाम आला होता.

वेचणीच्या बायांत गयाबाई म्हणून होती. अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आसं कसं चढंल? रिकाम्या पोटी कुणी चढतं का? गाठोडी काढा आन आम्हाला बसवा. माझं एकटीचंच वजन दोन बोऱ्यांचं हाय."

"गयाबाई, टायर फुटंल!" कुणीतरी ओरडलं.

"फुटलं तर माझ्या नवऱ्याला आणून लावते, तो बी तसाच गोल झालाय!"

गाठोडी उतरवून अकरा बाया मागं चढल्या. मी खुरपं हातात घेऊनच शेवटी चढले. हे आरशातून मागं पाहत म्हणाले, "बसली का बराबर?"

गाडी निघाली. चाकांनी आधी घसरून मग जमीन धरली, बूड डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं, प्रत्येक हेलकाव्याला अकरा बायांची एक किंकाळी, गयाबाईचं "आवं धरा मला!", आणि बूड जिकडं जाईल तिकडं हात फिरताना मला ह्यांचे खांदे दिसत होते. माझीही बोटं खुरप्याच्या मुठीवर तशीच फिरत होती. वर आलो तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर गारा आणि सगळ्या हसत होत्या.

मामा म्हणाले, "चढली. पण बाया लागल्या."

"माझी एकटी चढली," भावजी म्हणाले.

"एकटी चढती म्हणून तर तुला आजून बायको न्हाई," हे म्हणाले. बाया पुन्हा हसल्या. भावजी लाजले. त्यांचं लग्न व्हायचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दोघांना ओट्यावर बोलावलं. मी उन्हात तीळ निवडत होते, सूप मांडीवर.

मामा म्हणाले, "कोणती ठेवायची ते बोला."

भावजी काही बोलणार तेवढ्यात हे म्हणाले, "आम्ही दोघंबी आपापलीच म्हणू. तिला विचारा. दोन्हीत ती बसलेली हाय, पुढं बी आन मागं बी."

सुनेला विचारा! आमच्या घरात असं आजवर झालं नव्हतं. मामांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग माझ्याकडं न पाहता, अंगणाकडं पाहत म्हणाले, "बरं. सांग बाई. तुझं काय म्हणणं हाय?"

भावजी म्हणाले, "वहिनी, माझी भीड बिलकुल धरू नका. खरं ते सांगा."

भावजी असं बोलले म्हणूनच जास्त भीड पडली. त्यांच्या हातात लेकरू दिलेलं मला दिसत होतं. आणि ह्यांच्याकडं पाहायची तर हिंमतच नव्हती, कारण मला कळत होतं की ह्यांनी आपली गाडी माझ्या हातात दिली आहे. गायरानात दिली होती तशीच. आता बूड जिकडं पळतं आहे तिकडं फक्त फिरवायचं होतं.

सुपातले तीळ मी बोटानं इकडून तिकडं केले. म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

मामांनी मान हलवली. त्यांना हेच उत्तर माहीत होतं. हे उठले आणि चाकाखालचा दगड सरळ करायला गेले. तो सरळच होता.

*

मामांनी एकटी चढणारी हिरवी ठेवली. काळी-पिवळी संक्रांतीनंतर अंबडच्या एका माणसानं नेली. जाताना उतारावर लावलेली नव्हती, म्हणून तिला धक्का द्यावा लागला. हे आणि भावजी दोघं मागून ढकलत गेले. ह्यांचे दोन्ही हात त्या निळ्या ठिगळावर होते.

एका जीपवर दोन भाऊ असं मामा म्हणाले होते, पण हिरवी भावजींच्याच हातात शोभायची. हे थोडे दिवस शेजारी बसले, आणि मग जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागले. टेम्पोनं जायचे, टेम्पोनं यायचे. सदऱ्याला ठिणग्यांची बारीक बारीक भोकं पडायची. ती मी रफू करायचे, आणि प्रत्येक भोकापाशी मला ते न बोललेलं आठवायचं. ह्यांनी मात्र एकदाही विचारलं नाही. टोमणाही मारला नाही. त्या जागी एखादा टोमणा आला असता तर मला हलकं वाटलं असतं. बाजाराला जायचं कारण उरलं नाही. बाजारातून पिशवी भरून यायची, मी त्यातलं काढून घ्यायचे.

हिरवी खूप वर्षं चालली. भावजींचं लग्न तिच्यातच झालं म्हणायचं, नवरी तिच्यातच आली. आता ती गोठ्यामागं उभी आहे आणि तिच्या पुढच्या शिटावर कोंबड्या अंडी घालतात. भावजी रोज जाऊन ती बारकी दांडी एकदा ओढून पाहतात.

मध्ये एकदा मी एका लग्नाला अंबडला गेले होते. स्टँडवर बसची वाट पाहत उभी होते, तर समोर एक काळी-पिवळी लागलेली. रंग नवा, नाव नवं, पण मागचा फळका निळा. त्या माणसालाही पिवळा रंग पुरला नव्हता की काय कोण जाणे. मागं बाया बसल्या होत्या, मांडीवर पिशव्या, लेकरं. डायव्हर ओरडला, "आजून दोन शिटा, मागं सरका, मागं!" मी दोन पावलं पुढं गेले. मग एसटी आली.

घरी आल्यावर हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. ह्यांना वाईट वाटेल असं मनाला सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. जीपचं नाव निघालं असतं तर त्या सकाळचं नाव निघालं असतं.

*

आज जेवण झालं. रेखानं ताटं उचलली आणि पुन्हा कागद घेऊन बसली. "आई, सांगणार होतीस."

माझ्या तोंडात तेच शब्द आले होते. तुम्ही म्हणाल तसं. किती सोपे आहेत ते, पाण्यासारखे आपोआप खाली वाहतात. मी डोक्यावरचा पदर नीट केला, आणि म्हणाले, "चारी चाकांची घ्या."

जावई म्हणाले, "मामी, मी दोनचीच म्हणत होतो. वजनाला हलकी, डिझेल कमी खाते. आणि चालवायला मजा दोनचीच, मित्र सांगतात."

"मजा तिचीच हाय," मी म्हणाले. "पण तुम्ही एकटे हिंडता. कुठल्या रानात रुतले तर मागं बसायला कोण हाय? ढकलायला कोण हाय? एकट्या माणसाला चारी चाकं पाहिजेत. मागं माणसं असली तर दोन पुरतेत. फक्त चारी हायेत म्हणून मधोमध जाऊ नका. बांधावरून आधी पाहा."

रेखा माझ्याकडं बघतच राहिली. "आई, तुला हे सगळं कुठून गं माहीत?"

"मागं बसून."

हे बाजेवर हलले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर थांबले असते. अंगणाकडं पाहत, मामा पाहायचे तसं, मी म्हणाले, "आन तवा मामांनी विचारलं होतं ना, तवा मला काळी-पिवळी ठेवायची होती."

 रेखानं हातातले कागद खाली ठेवले.

"मंग तवा काहून न्हाई सांगितलं?" हे म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"हिरवीनं रेखाला नेलं होतं. भावजी समोर होते."

"आन मी?"

"तुम्ही बी समोर होते. म्हणून तर. आपल्याच माणसाची गाडी ठेवा, आसं कसं म्हणू?"

ते थोडा वेळ पायानं चप्पल शोधत राहिले. चप्पल पायातच होती. मग उठले आणि जावयाला म्हणाले, "बापू, किल्ली द्या जरा."

"मामा, तुम्ही चालवता?" जावयांनी ह्यांना विचारलं.

"मी न्हाई. ही."

रेखा हसायला लागली, मग आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहून थांबली.

गायरान आता पूर्वीएवढं राहिलं नाही, एका बाजूला पाण्याची टाकी झाली आहे. पण पहाटेच्या पावसानं गवत ओलं होतं. जावयानं बटण फिरवून मागच्या दोन चाकांवर आणलं आणि क्लच, ब्रेक समजावून सांगितलं. मी मान हलवत होते. पाय ह्याही गाडीत पुरत नव्हते. रेखानं पाठीमागं तिची शाल गुंडाळून ठेवली. मला वाटलं हे शेजारी बसतील, पण पुढचं दार उघडायच्या ऐवजी ते गुडघ्यावर हात ठेवून मागच्या शिटावर चढायला लागले.

"मागं कुठं चालले?" मी म्हणाले.

"वजन नको का?" हे म्हणाले आणि आरशात पाहिलं. "बसलो बराबर. चालू दे."

मी क्लच सोडला. थोडं पुढं जाऊन जोरानं वळवली. बूड उजवीकडं पळालं, आणि माझे हात मनाला न विचारता उजवीकडंच फिरले.

गायरानात अजून टिटव्या आहेत, हे मला त्या उडाल्या तेव्हा कळलं.